धाप फुप्फुसाची की हृदयाची?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर, बिडीची जुनी सवय. दोन महिन्यांपासून जिना चढताना धाप लागत होती, रात्री खोकल्याची ढास यायची. छाती तपासली तर बारीक शिट्टीसारखा आवाज. मी त्यांना फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री करायला लावली. आकडे कमी आले. बिडी, खोकला, शिट्टी आणि कमी आकडे! माझा हिशेब लगेच जुळला. मी ओढायचा पंप लिहून दिला आणि महिन्याने या म्हणून सांगितले.

ते बाराव्या दिवशीच आले, तेही पहाटे, मुलाच्या खांद्यावर हात टाकून. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "डॉक्टर, महिनाभर हे पाठ टेकून झोपलेलेच नाहीत. खुर्चीत बसूनच रात्र काढतात." हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. त्यांच्या पायांवर बोट दाबले तर खड्डा पडत होता. तेही मी आधी पाहिले नव्हते.

आपल्याकडे 'हार्ट फेल झाले' म्हणजे माणूस गेला, असा अर्थ घेतात. वैद्यकातला अर्थ तसा नाही. हृदय चालूच असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलणे त्याला जमत नाही, किंवा ते जमवताना त्याच्या आतला दाब फार वाढतो. जुना हार्ट अटॅक, वर्षानुवर्षे दुर्लक्षलेले ब्लडप्रेशर, खराब झालेली झडप, अशी त्याची कारणे असतात. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येते. ती बाजू थकली की मोरी तुंबल्यावर होते तसे होते, पाणी मागे चढते. फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि रक्तातले पाणी बाहेर झिरपते. अशी ओली फुप्फुसे ताठर होतात, प्रत्येक श्वासाला जोर लावावा लागतो. श्वासनलिकांचे अस्तरही सुजते, वाट अरुंद होते आणि शिट्टी वाजू लागते. जुन्या डॉक्टरांनी याला 'कार्डियाक अस्थमा' असे नाव दिले. नावात दमा आहे, पण हा दमा नव्हे.

आडवे झाल्यावर त्रास का वाढतो? दिवसभर पायांत उतरलेले पाणी झोपल्यावर पुन्हा रक्तात येते आणि आधीच भरलेल्या फुप्फुसांवर आणखी भार पडतो. मग एकाच्या दोन उशा होतात, दोनाच्या तीन. झोप लागून तास-दोन तास होतात न होतात तोच माणूस घाबरून उठतो आणि खिडकीशी जाऊन उभा राहतो. दम्याचा त्रासही पहाटे वाढतो, म्हणून गफलत होते.

आता त्या फुंकण्याविषयी. फुप्फुसांत किती हवा मावते ते मोजण्याचे यंत्र जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने 1846 मध्ये मांडले. आजचे यंत्र हातात मावते, पण युक्ती तीच. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि सगळा जोर लावून शेवटपर्यंत फुंकायचे. निदान तीन वेळा तरी नीट जमले पाहिजे. अर्धवट फुंकले तर कागदावर नसलेला आजार दिसतो.

यंत्र मुख्यतः दोन गोष्टी सांगते, एकूण हवा किती बाहेर आली आणि पहिल्या सेकंदात किती. दम्यात किंवा बिडीने बिघडलेल्या फुप्फुसांत वाट अरुंद असते, म्हणून पहिल्या सेकंदाचा वाटा एकूण हवेच्या 70 टक्क्यांखाली जातो. दम्यात पंप दिल्यावर तो बहुधा सुधारतो. हृदय थकलेले असेल तर सहसा दोन्ही आकडे बरोबरीने घटतात, वाटा तेवढाच राहतो, कारण पाण्याने आणि मोठ्या झालेल्या हृदयाने छातीतली जागाच खाल्लेली असते.

हे पुस्तकात वाचायला सोपे आहे. फुप्फुसे पाण्याने भरलेली असताना फुंकले, तर सुजलेल्या नळ्यांमुळे वाटाही कमी येऊ शकतो आणि कागद हुबेहूब बिडीवाल्याचा दिसतो. मी फसलो तो इथेच. अशा वेळी छातीचा एक्स-रे, ईसीजी, टू-डी एको आणि हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्ततपासणी कामाला येते. पाणी उतरल्यावर स्पायरोमेट्री पुन्हा करायची, आणि मगच फुप्फुसांवर ठपका ठेवायचा.

अर्थात दोन्ही आजार एकाच छातीत नांदू शकतात. बिडी हृदय आणि फुप्फुस दोन्ही पोखरते, आणि चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आजीने बिडी कधी ओढलेली नसली तरी तिच्या नळ्या धुराने खराब झालेल्या असतात. म्हणूनच फाइलवर घाईने 'दमा' असे लिहू नये. हृदयाला आराम देणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या खऱ्या दम्यात फार जपून द्याव्या लागतात. दम्याचा चुकीचा शिक्का बसला की डॉक्टर त्या द्यायला कचरतात आणि ज्याचे आयुष्य त्यांनी वाढले असते त्याला त्या मिळतच नाहीत. पण म्हणून स्वतःच्या मनाने पंप बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आमच्या कंडक्टरसाहेबांना इस्पितळात ठेवले, लघवी वाढवणारी औषधे दिली. चार दिवसांत पाच किलो वजन उतरले, ते सगळे पाणीच. एकोमध्ये हृदयाचा पंप निम्म्या ताकदीने चालताना दिसला. दीड महिन्याने पुन्हा फुंकायला लावले. एकूण हवा पुष्कळ वाढली होती, पहिल्या सेकंदाचा वाटा मात्र किंचित कमीच राहिला. तेवढी बिडीची करणी. त्याला पंप चालू ठेवला, बाकी सगळी औषधे हृदयाची.

घरी जाताना त्यांना एक वजनकाटा घ्यायला सांगितला. रोज सकाळी लघवी करून, न्याहारीच्या आधी, तशाच कपड्यांत वजन करायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर धाप लागण्याची वाट न पाहता फोन करायचा. कॅलेंडर त्यांच्या पत्नी सांभाळतात. पुढच्या पावसाळ्यात त्यांचाच फोन आला, "आज दोन किलो जास्त भरलेत, आणि काल रात्री पुन्हा दुसरी उशी मागितली."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)