लेप गेल्यावाचून गंध जात नाही
महालक्ष्म्यांच्या नैवेद्याआधी फ्रीज, मिक्सर आणि कुकर यांच्या शुद्धीविषयी चार शब्द

भाद्रपदाचा शुद्ध पक्ष लागला की विदर्भात घरोघरी महालक्ष्म्यांच्या स्वागताची लगबग सुरू होते. अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा-कनिष्ठांचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि महानैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा सोहळा. ज्वारीची आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, वडे, खीर आणि वर टांगलेला फुलोरा, एवढा सगळा थाट एकट्या गृहिणीच्या दोन हातांवर उभा असतो. पूर्वी वाटण पाट्यावर होई, शिजवणे चुलीवर होई आणि रांधलेले त्याच दिवशी संपे. आता डाळ कुकरमध्ये शिजते, वाटण मिक्सरमध्ये होते आणि दूध, दही, लोणी फ्रीजमध्ये राहते. यात गैर काही नाही. ज्या चंद्रपुरात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेथे फ्रीजला चैन म्हणण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही.

परंतु याच वेळी एक अडचण उभी राहते. श्रावणभर ज्यांनी सामिष वर्ज्य केलेले असते, अशा अनेक घरांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो नेम सुटतो. मामा तलावांतील मासोळी, झिंगे, बाजारची सुकट, रानातल्या सात्या, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि या सगळ्यांच्या सोबतीला लसूण, अशी झाडीपट्टीच्या पावसाळ्यातील रसोई असते. त्यानंतर जेमतेम आठवडा जातो आणि महालक्ष्म्या दाराशी येतात. फ्रीजचे दार उघडावे तर वास आपल्याआधी बाहेर येतो. कीर्तनाच्या निमित्ताने ब्रह्मपुरीपासून अहेरीपर्यंत ज्या घरी आम्ही उतरतो, तेथे हा प्रश्न आमच्या कानी येतोच. "महाराज, दोनदा पुसून काढला, अगरबत्तीही ओवाळली, तरी वास जात नाही. यातले दूध नैवेद्याला चालेल का?" या प्रश्नात श्रद्धाही आहे आणि धास्तीही आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावे, असे आम्हांस वाटते.

शास्त्र काय म्हणते

धर्मशास्त्रात द्रव्यशुद्धी नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात ते आहे आणि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही आहे. मनुस्मृतीचे नाव घेताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. माणसामाणसांत उच्चनीच ठरविणारी वचने त्या ग्रंथात आहेत, आणि त्यांच्या निषेधार्थ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याचे दहन झाले. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. ती वचने त्याज्यच आहेत. भांडी घासण्याविषयीचा तेथील एक व्यवहारी नियम मात्र आजही उपयोगी पडावा असा आहे. त्याचा आशय असा की, वस्तूला लागलेल्या मळाचा लेप आणि त्या लेपाचा गंध ही दोन्ही जाईपर्यंत माती व पाणी लावीत राहावे. धातूंची भांडी राख, आंबट पदार्थ आणि पाणी यांनी, ज्याला जे योग्य असेल त्याने, स्वच्छ करावीत, असेही तेथे सांगितले आहे.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, गंध आणि लेप यांचा उल्लेख जोडीने येतो. लेप राहिला आणि गंध तेवढा गेला, असे होत नाही. दुसरी अशी की, गंधावर सुगंध चढवा, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही.

न्याय-वैशेषिक दर्शनाने हेच अधिक खोलात जाऊन मांडले आहे. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण होय. पाण्याला वास आला तर तो पाण्याचा नसतो, त्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा असतो. वारा सुगंधी वाटला तर तो सुगंध वाऱ्याचा नसतो, त्याने वाहून आणलेल्या अंशांचा असतो. आजचे रसायनशास्त्र आपल्या परिभाषेत याच्या जवळचेच सांगते. वास म्हणजे पदार्थातून सुटून हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म रेणू. ते फ्रीजच्या आतील प्लास्टिकमध्ये, दाराच्या रबरात, बर्फात आणि उघड्या लोण्यात जाऊन बसतात. दूध, लोणी, साय यांतील स्निग्धांश तर असे वास चटकन ओढून घेतो. म्हणूनच सुकटीशेजारी उघडी ठेवलेली साय खराब झालेली नसतानाही सुकटीसारखी लागते.

वास कोठे दडतो

गृहिणी फ्रीजच्या फळ्या पुसते आणि थकून दार लावते. वास मात्र फळ्यांवर नसतोच. दाराच्या रबरी पट्टीच्या घडीत, भाजीच्या पेटीखाली, मागच्या भिंतीतील पाणी वाहून जाण्याच्या छिद्रात, आणि पाठीमागे खाली कॉम्प्रेसरजवळ वितळलेले पाणी साचण्याची जी तबकडी असते तिच्यात तो दडून राहतो. ही तबकडी अनेक घरांत फ्रीज आणल्यापासून कोणी पाहिलेलीही नसते. बर्फ न साचणाऱ्या नव्या फ्रीजमध्ये पंख्याने हवा सर्वत्र खेळवली जाते. त्यामुळे वरच्या कप्प्यातील मासोळीचा वास खालच्या दह्यापर्यंत पोहोचतो.

मिक्सरच्या भांड्यात तो पात्याखालच्या चकतीत आणि झाकणाच्या रबरात असतो. कुकरमध्ये तो गॅस्केटमध्ये असतो. जागा सापडली की अर्धे काम झाले असे समजावे.

ज्या जातीचा वास, त्या जातीचा उतारा

सगळ्या वासांना एकच औषध नाही. समुद्राच्या मासळीचा आणि सुकटीचा जो उग्र वास, तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा असतो. हे द्रव्य क्षारधर्मी आहे, म्हणून आंबटाने ते निष्प्रभ होते. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचा उपयोग येथे होतो. आमच्या तलावांतील मासोळीला जो मातकट वास असतो, तो बहुतेक वेळा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाण्यातील व मातीतील सूक्ष्मजीव ते तयार करतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर दरवळणाऱ्या मातीच्या सुवासातही हेच द्रव्य असते. अंगणात जो गंध आपण छाती भरून घेतो, तोच कढईत नकोसा होतो! गंध पृथ्वीचा, असे म्हणणाऱ्या आचार्यांना हे ऐकून संतोष झाला असता. हे जिओस्मिनही आंबटापुढे टिकत नाही. धीवरांच्या घरची माउली मासोळीला चिंच लावते, तिला हे नाव ठाऊक नसेल, पण तिचे ज्ञान पक्के आहे.

आंबलेले दूध, नासलेले दही, खवट तूप यांचे वास उलट आम्लधर्मी असतात. त्यांना खायचा सोडा लागू पडतो. लसणाची गोष्ट निराळी. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली, वाटली की तिच्यातील दोन घटक एकत्र येऊन गंधकयुक्त उग्र द्रव्य तयार होते. त्याला लिंबूही पुरत नाही आणि सोडाही पुरत नाही. त्याला घासणे, ऊन आणि मोकळी हवा लागते, आणि धीरही लागतो.

प्रत्यक्ष कृती

नैवेद्याच्या चार-पाच दिवस आधी हे काम काढावे. प्रथम फ्रीजचे बटण बंद करून प्लग काढावा. आतील सर्व जिन्नस बाहेर काढून शिळे ते टाकून द्यावे. बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडल्यास आतील नळीला छिद्र पडून वायू निघून जातो. काचेच्या फळ्या थंड असताना त्यांवर उकळते पाणी ओतू नये, त्या तडकतात. फळ्या व पेट्या साबणाने धुऊन उन्हात वाळवाव्यात. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून आतील भिंती व दाराच्या रबराची प्रत्येक घडी पुसावी. मासळीचा वास असेल तर समभाग पाणी व व्हिनेगर, अथवा लिंबाचे पाणी घेऊन पुन्हा पुसावे, आणि शेवटी साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे. मागची तबकडी व पाण्याचे छिद्र विसरू नये. मग काही तास दार उघडे ठेवून वारा खेळू द्यावा. घरात लहान मुले असतील तर त्या वेळी तेथे कोणीतरी बसावे. मूल आत शिरून दार बंद होणे जिवावर बेतू शकते.

एवढ्यानेही वास रेंगाळला तर एका उथळ वाटीत खायचा सोडा, किंवा लाकडी कोळशाचे उन्हात तापवून कोरडे केलेले तुकडे ठेवावेत. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत वासाचे रेणू अडकतात. आमचा जिल्हा दगडी कोळशाचा, म्हणून बजावून सांगतो की खाणीतला कोळसा या कामाचा नाही. वृत्तपत्राचे कागद चुरगाळून, किंचित ओलसर करून रिकाम्या कप्प्यांत पाच-सहा दिवस भरून ठेवण्याचा उपायही गुणकारी आहे. हे पान वाचून झाल्यावर त्याचा असा विनियोग झाला, तर आम्हांस वाईट वाटणार नाही.

मिक्सरच्या भांड्याचे रबर काढून ते वेगळे धुवावे. भांड्यात सोडा व पाणी घालून अर्धा तास ठेवावे, क्षणभर फिरवावे, ओतून टाकावे, मग मूठभर कोरडे तांदूळ वाटून फेकावेत आणि भांडे उन्हात पालथे घालावे. हळदीचा पिवळेपणा राहिला तर तो रंग आहे, मळ नव्हे. कुकरचे गॅस्केट रात्रभर लिंबाच्या पाण्यात ठेवावे. ते कडक झाले असेल तर नवे घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात मात्र सोडा उकळू नये, ते काळवंडते. ज्या धातूला जे योग्य ते, हा जुना नियम येथेही लागू होतो. ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आहे, त्यांनी वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी व लाकडी चमचा ठेवून ते दोन-तीन मिनिटे तापवावे, पाच मिनिटे दार उघडू नये आणि मग वाफेने ओल्या झालेल्या भिंती पुसाव्यात.

दोन गोष्टी कदापि करू नयेत. ब्लीचिंगच्या द्रावात व्हिनेगर, लिंबू किंवा शौचालय धुण्याचे आम्ल मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि फ्रीजच्या आत धूप, अगरबत्ती किंवा कापूर पेटवू नये. अनेक नव्या फ्रीजमधील शीतक वायू ज्वालाग्राही असतो. शिवाय धुपाने लेप निघत नाही, फक्त दुसरा गंध त्यावर बसतो.

गंध हा साक्षीदार आहे

आता थोडे गंभीर बोलू. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. दुर्गम भागात वीज गेली की ती कधी येईल, याचा भरवसा नसतो. दार न उघडल्यास फ्रीजमधील थंडावा साधारण चार तास टिकतो. त्यानंतर दूध, मांस, मासळी, शिजवलेले अन्न यांचा मोह सोडावा. जंतू सुखेनैव वाढू नयेत यासाठी आतील उष्णता चार अंश सेल्सियसच्या आत हवी, आणि रोग उत्पन्न करणारे कित्येक जंतू कसलाही वास सोडीत नाहीत. म्हणजे वास आला तर तो इशारा आहे, पण वास आला नाही म्हणजे अन्न निर्दोष आहे, असेही नाही. वासावर अत्तर शिंपडणारा साक्षीदाराचे तोंड दाबतो, आणि शिक्षा भोगावी लागते ती पंगतीत बसलेल्या लेकरांना.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी थांबत नाही. सुकटीच्या वासावरून शेजारणीला नाक मुरडणे, भाडेकरूला घर नाकारणे, सुनेच्या माहेरचा उद्धार करणे, हे प्रकार सणासुदीला अधिक घडतात. भांड्याला लेप लागतो, तो धुता येतो. माणसाला अन्नाचा लेप लागत नाही. कोकणात कित्येक घरी याच गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य दाखविला जातो, आणि ती माहेरवाशीण तोही प्रसन्नपणे स्वीकारते. आपल्या घरचा नेम आपण निष्ठेने पाळावा. परंतु दुसऱ्याच्या ताटाला नावे ठेवण्याचा अधिकार त्या नेमातून मिळत नाही. मनात साठलेल्या तुच्छतेचाही एक लेप असतो आणि त्याचाही गंध बोलण्यातून येतोच. तेथे सोडा आणि लिंबू चालत नाही.

तेव्हा त्या माउलीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. माय, फ्रीज स्वच्छ धुतला असेल, दूध ताजे व झाकलेले असेल, तर नैवेद्याला ते खुशाल घ्यावे. किंचित वास प्लास्टिकमध्ये राहिलाच, तर त्या तीन दिवसांपुरते दूध-लोणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावे. नैवेद्याच्या वाटणासाठी मिक्सरचे एक भांडे निराळे राखता आले तर उत्तमच. आणि हे सारे घासणे-पुसणे एकट्या गृहिणीवर टाकू नये. फ्रीज भिंतीपासून ओढण्यास आणि मागची तबकडी धुण्यास घरातील पुरुषमंडळींचे हात लागले, तर ज्येष्ठा-कनिष्ठा रागावणार नाहीत, उलट थोड्या अधिक प्रसन्नच होतील.