पडद्यावरचे पान, दप्तरातले पान

व्यापारी घरात जुनी वही सहसा टाकून दिली जात नाही. कीर्द, खतावणी, रोजमेळ लाल कापडात बांधून माळ्यावर जातात आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतात. घेतल्या-दिल्याची विचारणा केव्हा होईल याचा नेम नसतो, एवढे शहाणपण त्या बासनामागे असते. गेल्या काही वर्षांत मात्र या दप्तराचा मोठा भाग घरातून निघून पडद्यावर गेला. विवरणपत्रे, चलने, अधिसूचना, कंपन्यांची दरपत्रके, मुलांच्या अभ्यासाचे साहित्य, हे सारे कोणत्या तरी संकेतस्थळावर असते. ‘लागेल तेव्हा पाहू’ हा विश्वास इतका पक्का झाला, की ते आपल्या घरात नाही हेच विसरले गेले.

२०२४ च्या पावसाळ्याने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवून दिल्या. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात धरणांतून पाणी सोडले गेले आणि मुळा व पवना या नद्यांच्या कुशीत वसलेल्या जुन्या सांगवीच्या नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले. तळमजल्यावरच्या कपाटातला कागद किती असुरक्षित असतो, हे सांगवीकरांना वेगळे सांगावे लागत नाही. पण त्यानंतरच्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, जेथे पुराचे पाणी पोहोचत नाही अशा ठिकाणचे कागदही दिसेनासे होऊ लागले.

सात वर्षांची मुदत

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्या पहिल्या महिन्याची विवरणपत्रे १ ऑगस्ट २०२४ रोजी जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याला दिसणे बंद झाले. १ सप्टेंबरला ऑगस्ट २०१७ ची विवरणपत्रे गेली. विवरणपत्रे पाहण्याची सोय सात वर्षांपुरतीच राहील, दर महिन्याला एकेक जुना महिना काढून घेतला जाईल आणि करदात्यांनी आपली माहिती उतरवून घ्यावी, अशी सूचना २४ सप्टेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. व्यापाऱ्यांनी अडचणी मांडल्यावर काही दिवसांतच ती माहिती पुन्हा उपलब्ध करून देण्यात आली. मात्र हे धोरण पुढे पुन्हा लागू केले जाईल, हेही त्याच वेळी सांगण्यात आले.

यातली अडचण बारकाईने पाहण्यासारखी आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके व कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. २०१७-१८ च्या वार्षिक विवरणपत्राची मुदत वाढत वाढत फेब्रुवारी २०२० पर्यंत गेली होती. म्हणजे त्या वर्षाचे कागद फेब्रुवारी २०२६ पर्यंत सांभाळण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावर होती. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर निकालानंतरही एक वर्ष ती संपत नाही. संकेतस्थळावरचे पान मात्र त्याआधीच, ऑगस्ट २०२४ मध्ये, मिटले होते. पान दाखवणाऱ्याची मुदत आणि ते जपणाऱ्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संपली म्हणून दुसरी संपत नाही.

हा अनुभव एका कराच्या खात्यापुरता नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने ऑक्टोबर २०२३ पर्यंत उघडेनाशी झाली होती. घराघरांतल्या तरुणांनी ज्यावर ओळखी जमवल्या, ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. लाखो हौशी लेखकांची पाने सांभाळणारे जिओसिटीज २००९ मध्येच मिटले होते. कुठे संस्था बंद पडते, कुठे संकेतस्थळाची नवी रचना होऊन जुने पत्ते निरुपयोगी होतात. आणि कित्येकदा पान तेथेच राहते, पण त्यातला मजकूर बदलतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा. सांगवीतला एखादा विद्यार्थी नदीच्या पुराचा अभ्यास करू लागला, तर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा ज्या पानावर त्याने काल पाहिला, त्याच पानावर आज दुसरा आकडा असतो. कालचे पान काल जतन केले नसेल, तर अभ्यासाचा पायाच नाहीसा होतो.

एकाच प्रतीचे भय

जी वस्तू एकाच ठिकाणी आहे ती नसल्यासारखीच मानावी, हे जैन समाजाने फार पूर्वी ओळखले होते. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारे, विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारे ही त्याच जाणिवेची फळे होत. मूडबिद्रीची हकिकत तर या विषयाला थेट भिडणारी आहे. षट्खंडागमावरील ‘धवला’ ही टीका आणि तिच्या सोबतचे सिद्धान्तग्रंथ शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत जपलेले होते. ते भक्तिभावाने जपले गेले, म्हणून टिकले. परंतु त्यांचे दर्शन घडे, वाचन घडत नसे; आणि पाने जीर्ण होत चालली होती. ती पाने नष्ट झाली असती, तर त्या ग्रंथांचे केवळ नाव उरले असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी या पोथ्यांच्या नकला करवून घेण्याचा ध्यास घेतला. दोघेही व्यापारी होते. वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने नकला झाल्या आणि त्या बाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ‘धवला’चा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. मूळ प्रत सुरक्षित ठेवणे हे एक कर्तव्य आणि दुसरी प्रत करून ती वाचणाऱ्याच्या हाती देणे हे दुसरे. दुसरे कर्तव्य ज्यांनी पार पाडले, त्यांनीच पहिल्यालाही अर्थ दिला.

आजच्या वेबपानांसाठी असे एक मोठे भांडार अस्तित्वात आहे. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था स्थापन केली. तिची ‘वेबॅक मशीन’ ही सेवा २००१ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता तेथे टाकला, की ते पान पूर्वी कोणकोणत्या तारखांना कसे दिसत होते हे पाहता येते. एखादे पान आपल्या इच्छेने तेथे जतन करण्याची सोयही आहे. तरीही त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये या संस्थेवरच सायबर हल्ला झाला आणि तिची सेवा काही दिवस बंद राहिली. शिवाय ज्या पानासाठी नाव आणि पासवर्ड लागतो, असे पान तेथे जतन होत नाही. व्यापाऱ्याच्या कामाची बहुतेक पाने नेमकी तशीच असतात. ती ज्याची त्यानेच उतरवून ठेवावी लागतात.

पान कसे उतरवावे

पुष्कळांची समजूत असते, की ब्राउझरमध्ये ‘बुकमार्क’ केले म्हणजे पान जतन झाले. बुकमार्क हा केवळ पत्ता असतो. घर पाडले गेले, तर पत्त्याच्या चिठ्ठीचा उपयोग होत नाही. मोबाइलवर काढलेला स्क्रीनशॉट त्याहून बरा. पण तो चित्ररूप असतो, लांब पान त्यात पुरते मावत नाही आणि बहुधा त्यावर पानाचा पत्ताही नसतो. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेला स्क्रीनशॉट तर कोणी, केव्हा, कोठून काढला हे कळण्याचा मार्गच नसतो.

सर्वांत सोपा उपाय पीडीएफचा. संगणकावर पान उघडून छपाईची आज्ञा द्यावी आणि प्रिंटरऐवजी ‘सेव्ह अॅज पीडीएफ’ निवडावे. छपाईच्या पर्यायांत ‘हेडर व फूटर’ चालू ठेवल्यास पानाचा पत्ता आणि दिनांक कागदावर आपोआप उमटतो. सूचना, अधिसूचना, विवरणपत्रे यांसाठी हीच पद्धत उत्तम. विवरणपत्र उतरवून घेण्याची सोय संकेतस्थळावरच दिली असेल, तर अर्थातच ती वापरावी.

लेख, नकाशे, तक्ते असलेले पान जसेच्या तसे हवे असेल, तर कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबाव्यात. ‘संपूर्ण वेबपान’ हा पर्याय निवडला, तर एक फाइल आणि तिच्यासोबत चित्रांचा एक फोल्डर तयार होतो. ही जोडी फुटली, की पानातील चित्रे नाहीशी होतात. म्हणून दोन्ही एकत्रच हलवावेत. हा त्रास नको असेल, तर ‘सिंगलफाइल’ हे विनामूल्य जोडसाधन चित्रांसह सर्व पान एकाच फाइलमध्ये बांधून देते. इंटरनेट बंद असतानाही ती फाइल उघडते.

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘झोटेरो’ उपयोगी पडते. २००६ पासून उपलब्ध असलेले हे विनामूल्य साधन पानाची प्रत घेतेच, शिवाय लेखक, शीर्षक, पत्ता आणि पान पाहिल्याचा दिनांक यांची नोंदही ठेवते. प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूची देताना ही नोंद लाखमोलाची ठरते. विकिपीडियासारखा संपूर्ण ज्ञानकोश घरी हवा असेल, तर ‘किविक्स’ हे साधन तो मोबाइलवर किंवा संगणकावर साठवून इंटरनेटविना वाचू देते. परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या हाती अभ्यास असावा पण मोबाइलचे इतर आकर्षण नसावे, अशी इच्छा असलेल्या आईवडिलांना त्याची ही बाजू अधिक मोलाची वाटेल.

फाइलला नाव देताना जुन्या मुनिमांची शिस्त पाळावी. ‘नवीन१’, ‘फायनल२’ अशी नावे वर्षभरात अर्थहीन होतात. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढे विषय, असे नाव दिले तर फाइली आपोआप क्रमाने लागतात. एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि ती हार्ड डिस्क दुकानाबाहेर, शक्यतो वरच्या मजल्यावरच्या किंवा दुसऱ्या वस्तीतल्या घरी ठेवावी. नदीकाठी राहणाऱ्यांना या शेवटच्या अटीचे महत्त्व सहज पटेल.

मर्यादा आणि मोल

जतन केलेले पान केव्हा केव्हा न्यायालयातही दाखवावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून सादर करताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या नमुन्यात फाइलचे ‘हॅश मूल्य’ मागितले आहे. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ते बदलते. म्हणून मूळ फाइल कधीही दुरुस्त करू नये. खुणा करायच्या असतील, तर वेगळ्या प्रतीवर कराव्यात.

दुसऱ्याचे लेखन साठवतानाही मर्यादा राखावी. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत घेण्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये उचित वापराची मुभा आहे; तीच प्रत सर्वत्र वाटण्यास नाही. बाहेरच्या दुकानातील संगणकावर पान उतरवले असेल, तर पॅन, आधार किंवा ग्राहकांची माहिती असलेल्या फाइली तेथून पुसूनच उठावे.

आणि सर्वच पाने साठवू नयेत. साठवणे सोपे झाले, की संग्रहाचा मोह वाढतो आणि हजार फाइलींच्या ढिगात हवी ती एक सापडत नाही. ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे, ज्याचा अभ्यास चालू आहे आणि जे गेले तर पुन्हा मिळणार नाही, अशा तीन प्रकारच्या पानांपुरते जतन पुरेसे आहे. अपरिग्रहाचा संस्कार येथेही उपयोगी पडतो.

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी लाभपंचमी म्हणून नव्या वर्षाचे दुकान उघडतात. तोच दिवस ज्ञानपंचमीचा. त्या दिवशी ज्ञानभांडारांतील पोथ्या बाहेर काढून, धूळ झटकून, वाळवी वा ओल लागली नाही ना हे पाहून पुन्हा बासनात बांधण्याची चाल आहे. हार्ड डिस्कलाही तिची वाळवी असते. न वापरलेली डिस्क मुकाट्याने बिघडते आणि ते कळते गरजेच्या दिवशी. म्हणून त्या दिवशी वहीपूजनाच्या जागी घटकाभर बसून दोन्ही प्रती उघडून पाहाव्यात, बिघडलेली बदलावी, सरत्या वर्षाची विवरणपत्रे उतरवली गेली का हे तपासावे. घरातल्या लहानग्यांना हे काम शिकवावे. माळ्यावरच्या लाल बासनाचा वारसा मग त्यांच्याही हाती जाईल.