संगणक आणि मॉनिटर यांची सोयरीक

संगणकाचे काम कितीही चोख असले, तरी त्याने काय केले हे आपणांस कळते ते मॉनिटरच्या पडद्यावरूनच. एका संगणकाचा मॉनिटर दुसऱ्यास जोडावयाचा, म्हणजे तार इकडून काढून तिकडे बसविली की झाले, असे कोणासही वाटेल. आज ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु 1980 नंतरची दहापंधरा वर्षे निरनिराळ्या घराण्यांच्या संगणकांमध्ये अशी अदलाबदल करणे हा एक कूटप्रश्नच होता. तो उलगडण्यासाठी जुन्या मॉनिटरच्या पोटात डोकावले पाहिजे. मात्र डोकावावयाचे ते केवळ मनाने! वीज बंद केल्यावरही त्याच्या नळीत काही काळ हजारो व्होल्टचा विद्युतभार साचून राहू शकतो, आणि त्याचा धक्का जिवावर बेतण्याचा संभव असतो.

जुना मॉनिटर म्हणजे काचेची एक मोठी नळी असे. तिच्या मागील टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटे व तो पडद्यावर जेथे आदळे तेथे प्रकाश पडे. आपण पाटीवर लिहितो तद्वत हा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ पुरी करी, झटकन मागे येई आणि तिच्याखाली दुसरी ओळ आखी. शेवटची ओळ संपली की स्वारी पुन्हा वर. रंगीत मॉनिटरात तर असे तीन झोत बरोबरीने चालत.

आता थोडे गणित करू. आयबीएम कंपनीने 1987 साली व्हीजीए नावाची पद्धत काढली. तिच्या एका प्रमुख प्रकारात पडद्यावर 480 ओळी दिसत. परंतु झोताला परत वर जाण्यास लागणारा वेळ धरता एकंदर हिशेब 525 ओळींचा होई. असे चित्र सेकंदास सुमारे 60 वेळा निघे. म्हणजे 525 गुणिले 60, दर सेकंदास 31,500 ओळी झाल्या. त्याच वर्षी ॲपल कंपनीच्या मॅकिंतॉश टू या संगणकाबरोबर एक रंगीत मॉनिटर आला. त्याच्याही दिसणाऱ्या ओळी 480 आणि एकूण ओळी 525च. मग अडचण कोठे आली? तो सेकंदास 35,000 ओळी आखी. या संख्येस 525 ने भागून पाहा, म्हणजे त्याचे चित्र सेकंदास किती वेळा निघे ते कळेल. एकाच चालीला बांधलेल्या अशा मॉनिटरला दुसऱ्या चालीचा संगणक जोडला, की चित्र तिरपे फाटे किंवा सारखे सरकत राही. मॉनिटर बिघडला असे समजून लोक तो टाकून देत. वस्तुतः तो धडधाकट असे; आणि त्याच्या काचेत शिसे असल्यामुळे तो उकिरड्यावर जाणे मुळीच इष्ट नव्हते.

प्लगांची तऱ्हा आणखी निराळी. दोन्हींना पिना 15च. पण व्हीजीएच्या तीन रांगांत, ॲपलच्या दोन रांगांत. यावर उपाय सोपा होता. ज्या तारेला जेथे जावयाचे तेथे तिला नेणारा जोड, म्हणजे ॲडाप्टर, मध्ये बसवीत. परंतु मॅकिंतॉश मोठा चौकस! समोर कोणता मॉनिटर आहे हे तो तीन ठरावीक तारांच्या जोडणीवरून ओळखी, आणि ओळख पटली नाही तर चित्रच देत नसे. म्हणून काही ॲडाप्टरांवर बारीक खटके असत. ते योग्य रीतीने लावले, की परका मॉनिटरही त्यास आपलासा वाटे. ॲडाप्टर तारांची वाट बदली, ओळींची चाल मात्र त्यास बदलता येत नसे.

चालीचा प्रश्न सोडविला तो मॉनिटर बनविणाऱ्यांनीच. जपानच्या एनईसी कंपनीने 1980 च्या दशकाच्या मध्यास मल्टिसिंक नावाचा मॉनिटर आणला. येणारी चाल ओळखून तो आपली चाल तिच्याशी जुळवून घेई. माझ्या मते या सर्व कथेतील खरी युक्ती हीच. पुढे 1994 साली आणखी एक सोय ठरविण्यात आली. मॉनिटर आपली ओळख एका लहानशा स्मृतीत बाळगू लागला व संगणक ती वाचून त्याला मानवेल तेच चित्र पाठवू लागला.

आजचे सपाट पडदे झोतावर चालत नाहीत, आणि निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट यांसारख्या एकाच जोडणीने एकाच मॉनिटरला जोडता येतात. तरी एक भेद उरलाच आहे. व्हीजीएच्या तारेत रंगाची छटा विजेच्या कमीअधिक दाबाने दर्शविली जाते, तर एचडीएमआयमध्ये ती अंकांच्या रूपाने जाते. म्हणून नव्या संगणकाला जुना व्हीजीए मॉनिटर जोडावयाचा असेल, तर केवळ दोन टोकांना दोन प्रकारचे प्लग असलेली तार पुरत नाही. अंकांचे विजेच्या दाबात रूपांतर करणारे लहानसे मंडल ज्यात आहे, असा परिवर्तकच दुकानातून मागून घ्यावा लागतो.