नदीकाठाची शिवारफेरी

खडकवासल्यातून पाणी सोडलं, की पुण्यात पहिला प्रश्न येतो, भिडे पूल पाण्याखाली गेला का? डेक्कनकडून पेठांकडे नेणारा हा ठेंगणा पूल मुठा फुगली की बुडतो, आणि पूर किती आला हे पुणेकर त्याच्यावरूनच ठरवतात. क्युसेकचे आकडे त्यानंतर. मला ही पद्धत आवडते. लोकांनी स्वतः डोळ्यांनी बघून, वर्षानुवर्षं लक्षात ठेवून केलेलं हे मोजमाप आहे, आणि आज त्याच नदीच्या काठाची नवी रचना होत असताना असल्या मोजमापाला आराखड्यात जागा मिळायला हवी, एवढंच सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी ईटचा, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. नोकरी सगळी मृद्संधारणाच्या कामावर गेली. आता निवृत्त आहे आणि लेक पुण्यात असल्यामुळे वर्षातले काही महिने इकडे असतो. आमचा मुलूख बालाघाटाच्या माथ्यावरचा, पावसाचा कमी. भूम तालुका ओळखला जातो तो खव्यासाठी, नदीसाठी नव्हे. तरीही पाण्याची वाट कुणी विचारायची आणि कुणाला विचारायची, हे मी तिथंच शिकलो.

पुण्यात काय चाललंय ते आधी सांगतो. मुळा, मुठा आणि संगमाच्या खालची मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटरच्या नदीचा काठ नव्यानं घडवण्याचा महापालिकेचा प्रकल्प आहे. त्याचे 11 टप्पे आहेत. खर्च 4,727 कोटी रुपये धरलेला आहे. आराखडा अहमदाबादच्या एचसीपी या संस्थेचा, जिनं साबरमतीचा काठ घडवला. 6 मार्च 2022 ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि बंडगार्डनच्या बाजूनं काम सुरू झालं. बांध, त्यावर चालायचे आणि सायकलचे रस्ते, घाट, बागा, मैलापाणी अडवून नेणाऱ्या वाहिन्या, असा सगळा बेत आहे.

यातलं बरंच हवंहवंसं आहे, हे मोकळेपणानं म्हणतो. नदीपात्रात राडारोड्याचे ढीग पडतात, गाड्या लावल्या जातात, कित्येक ठिकाणी काठापर्यंत पोचायला वाटच नाही. एखाद्या म्हातारीला संध्याकाळी नातवाचा हात धरून नदीकडेनं चालावंसं वाटलं तर तिनं जायचं कुठून? काठ लोकांना मिळायलाच हवा. अडचण आहे ती काठाच्या आकाराची.

नदीचं साधं गणित असं, की वाहणारं पाणी म्हणजे पात्राचा छेद गुणिले वेग. छेद कमी केला, तर तेवढंच पाणी जायला एक तर वेग वाढावा लागतो, नाही तर पातळी. मधे पूल, वळणं, बंधारे असले की वेग मनासारखा वाढत नाही आणि पातळीच चढते. यासाठीच पाटबंधारे खातं नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा आखतं. 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. मुठेसाठी निळी रेषा 60 हजार क्युसेकला धरली आहे, लाल 1 लाखाला.

आता 25 जुलै 2024 ची पहाट घ्या. खडकवासल्यातून विसर्ग होता 35 हजार क्युसेकच्या आसपास, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्यात गेले. धरणाच्या खालच्या भागात रात्रभर पाऊस कोसळत होता, ओढ्यानाल्यांचं पाणी त्यात मिळालं, हे खरं. पण निळ्या रेषेच्या हिशोबापेक्षा कितीतरी कमी पाणी धरणातून सुटलं असताना लोकांच्या घरात नदी आली. पात्र भरावांनी आणि बांधकामांनी आवळत गेलं आहे, असं अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत होतेच. त्या वस्तीतल्या माणसाला नकाशावरची रेषा दाखवण्याची गरज नाही. पाणी कोणत्या गल्लीतून आधी आलं, कुठं वळलं, किती वेळानं ओसरलं, हे तो भिंतीवर बोट ठेवून सांगेल. त्याआधीची पिढी 12 जुलै 1961 सांगते. पानशेत फुटलं तेव्हाच्या पाण्याच्या खुणा पेठांमध्ये अजून जपलेल्या आहेत.

ही माहिती आराखड्यात शिरते कशी? आमच्याकडे त्यासाठी शिवारफेरी असते. गावात पाणलोटाचं काम घ्यायचं ठरलं, की कागदावर रेघ मारण्याआधी कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक आणि गावकरी मिळून माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालतात. नाले बघतात, जुने पाझर तलाव बघतात, कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते ते विचारतात. त्यावरून गावचा आराखडा होतो आणि तो ग्रामसभेपुढं जातो. कागदोपत्री उरकलेल्या फेऱ्याही असतात, त्यांची कामं पहिल्या पावसाळ्यात उघडी पडतात. पण खरी फेरी फार काही देऊन जाते. एकदा बंधाऱ्यासाठी जागा बघत होतो. मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. म्हणाला, "सायेब, हितं पानी थांबायचं न्हाई. खाली नुसता मुरूम हाय. वर त्या बाभळीपाशी बघा, उन्हाळ्यात बी ओल असती." चाचणीचा खड्डा घेतला, तर खाली मुरूमच निघाला. बंधारा बाभळीपाशी झाला.

शहरात लोकांना विचारत नाहीत असं नाही. पुणे महापालिका 2006 पासून वॉर्डातली कामं सुचवायला नागरिकांकडून अर्ज मागवते. झाडं तोडायची तर 1975 च्या कायद्याप्रमाणे नोटीस लागते, हरकती घेतल्या जातात. पण या सगळ्याची वेळ बघा. झाडावर नोटीस लागते तेव्हा बांध कुठून जाणार हे ठरून गेलेलं असतं. मग माणसानं बोलायचं ते फक्त त्या झाडाबद्दल. बाकड्याचा दगड कोणता, दिवे कसे, हे विचारण्याला मी लोकसहभाग म्हणत नाही. छेद कसा असावा, पाण्याला किती जागा ठेवावी, हा प्रश्न लोकांसमोर यायला हवा, आणि तो निविदा निघायच्या आधी.

विचारलं नाही तर लोक स्वतःहून सांगतात, रस्त्यावर येऊन. 29 एप्रिल 2023 ला संभाजी उद्यानापासून गरवारे पुलापर्यंत पुणेकर ‘चिपको’ म्हणत चालत गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये राम नदी आणि मुळा यांच्या संगमाजवळ पुन्हा तेच झालं. तिथं काठावर करंज, उंबर, वाळुंज अशी नदीकाठची झाडी आहे. वाळुंजाची मुळं ओल्या काठाची माती धरून ठेवतात, पुरात ते झाड वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. मृद्संधारणात हयात घालवलेल्या माणसाला अशी झाडी म्हणजे फुकट मिळालेला बांध वाटते. ‘जीवितनदी’ नावाची संस्था 2014 पासून लोकांना काठावर फिरायला नेते, नदीचा एकेक तुकडा दत्तक घ्यायला लावते. माझ्या लेखी ती शहरातली शिवारफेरीच आहे. फक्त त्यात सरकारी वही घेतलेला माणूस नसतो.

साबरमतीचं उदाहरण वारंवार दिलं जातं. ते देखणं आहे, यात वाद नाही. पण तिथं पात्र सरसकट 263 मीटर रुंद करून दोन्ही बाजूंना भिंती आल्या आणि मधे नर्मदेच्या कालव्याचं पाणी भरून ठेवलं जातं. मुठेच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणं आहेत आणि घाटमाथ्याचा पाऊस आहे. दुसऱ्या नदीचं माप हिला कसं बसेल? त्यात मैलापाण्याचा प्रश्न वेगळाच. जपानच्या जायका या संस्थेच्या मदतीनं 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायचा प्रकल्प 2016 साली मंजूर झाला, आणि तो रखडत राहिला. पाणी स्वच्छ होण्याआधी काठावर बाग करायची, तर बागेत बसणाऱ्यानं नाकाला रुमाल लावायचा का?

नेदरलँड्सकडे बघावं असं मला वाटतं. तो देश बांध घालण्यात जगात पहिला. 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर त्यांनी धोरण फिरवलं आणि 30 हून अधिक ठिकाणी नदीला जागा परत द्यायचं ठरवलं. नाइमेखन शहरात वाल नदीचा बांध 350 मीटर मागं घेतला, शेजारून दुसरा प्रवाह खोदला आणि मधे जे बेट तयार झालं तिथं शहराची बाग झाली. पूर आला की बागेचा काही भाग पाण्याखाली जातो, तो जावा म्हणूनच केलेला आहे. काही घरं उठवावी लागली, वाद झाले, बैठका चालल्या. ओव्हरडीप नावाच्या सखल भागात तर शेतकऱ्यांनीच तोडगा काढला. पुराचं पाणी आमच्या शेतात येऊ द्या, फक्त आम्हाला उंच टेकाडं करून द्या, त्यावर आम्ही घरं आणि गोठे बांधतो. आठ टेकाडं झाली. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची जुनी गावठाणं आठवली. वस्तीची पांढर उंचवट्यावर, शेतीची काळी सखल. कुणा आर्किटेक्टनं सांगितलं नव्हतं.

लांब कशाला, आपल्या छत्रपती संभाजीनगरात खाम नदीचं काम झालं ते बघावं. महापालिका, छावणी परिषद, वेरॉक कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था एकत्र आल्या. सुरुवात कचऱ्यापासून झाली. नदीत कचरा का येतो, काठच्या वस्तीत घंटागाडी वेळेवर पोचते का, नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवता येईल का. बाग त्याच्या जोडीनं आली. आणि मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडला, कार्टर रोडला समुद्रकाठ मोकळा झाला तो रहिवाशांच्या संघटनांनी वास्तुरचनाकार पी. के. दास यांना सोबत घेऊन केलेल्या कामामुळे. दोन्हीकडे माणसं शेवटी बोलावलेली नव्हती.

कुणी म्हणेल, दुष्काळी भागातल्या माणसाला पुराचं काय कळतं. सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या भूम-परंडा भागात पाऊस असा झाला की नद्यांनी पात्र सोडलं, पिकं गेली आणि पिकाखालची मातीही गेली. परंड्याकडे माणसांना पाण्यातून काढावं लागलं. एरवी कोरड्या दिसणाऱ्या नद्यांनी हे केलं. ज्यांनी नाल्याच्या जुन्या वाटेवर शेतं सपाट केली होती, त्यांच्याकडे पाणी आधी शिरलं. कुणाचं शेत कोणत्या वाटेवर आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून मागणी अशी, की प्रकल्पाच्या ज्या टप्प्यांवर अजून कुदळ पडलेली नाही, त्या प्रत्येकाची फेरी व्हावी, आणि ती जानेवारीतल्या गुलाबी थंडीत नको, जुलै-ऑगस्टमध्ये व्हावी. महापालिकेचा अभियंता, पाटबंधारे खात्याचा माणूस आणि आराखडा करणारे, तिघांनीही बुटाला चिखल लागेपर्यंत चालावं. विठ्ठलवाडीच्या देवळापाशी पायरी कितवी बुडते ते तिथल्या लोकांना विचारावं. ओंकारेश्वराजवळ, संगमावर विचारावं. मासे धरणारे भोई, पात्राजवळच्या झोपड्यांतल्या बायका, पक्षी बघायला दुर्बीण घेऊन येणारी पोरं, अंत्यविधीला येणारे, सकाळी फिरणारे, सगळ्यांचं लिहून घ्यावं. काठातून झरे कुठं निघतात त्याची नोंद व्हावी, कारण भिंतीमागं ते दडपले तर उन्हाळ्यात नदीला स्वतःचं पाणी उरणार नाही. मग छेद काढावेत, ते मराठीत, सामान्य माणसाला कळतील अशा चित्रांत, वॉर्डावॉर्डांत लावावेत. 35 हजार क्युसेकला पाणी इथवर, 60 हजाराला इथवर, 1 लाखाला इथवर. कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का नाही, हे त्याच फलकावर छापावं.

याला वेळ लागेल. आमच्याकडे एका गावाच्या फेरीलाही लागतो. पण 4,727 कोटींच्या कामात एक पावसाळा चालण्यासाठी राखून ठेवणं महापालिकेला जड जाऊ नये.