दोष मिठाचा नव्हे, वारेचा

"डॉक्टर, मीठ तर पाचव्यापासून बंद केलं होतं. मग असं कसं झालं?" सातव्या महिन्यातल्या पहिलटकरीण सुनेला घेऊन आलेल्या एका सासूबाईंचा हा प्रश्न. सुनेचा रक्तदाब १६०/११०, लघवीत प्रथिने, चेहऱ्यावर सूज. दोन दिवस डोके ठणकत होते, ते घरी पित्तावर ढकलले गेले. तिला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. घाईत राहिलेले उत्तर आज देतो.

या विकाराला प्रीएक्लॅम्प्शिया म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिने आली, की तो ओळखावा. त्याचे मूळ मिठात नाही, सुनेच्या काळजी करण्यातही नाही. ते वारेत आहे.

वार बाळाला नुसते अन्न पोचवत नाही, तर संप्रेरकेही तयार करते. सुरुवातीच्या महिन्यांत तिच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात. काही जणींत हे काम अर्धवट राहते. मग रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात एस.एफ.एल.टी.-१ नावाचे प्रथिन जास्त सोडते. रक्तवाहिन्या निरोगी ठेवणाऱ्या पी.एल.जी.एफ. या घटकाला ते अडकवून ठेवते. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडातून प्रथिने झिरपू लागतात. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रथिन लक्षणांच्या सुमारे पाच आठवडे आधीच वाढू लागलेले आढळले.

अशा आईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे 'पुरुषी' संप्रेरकही अनेक अभ्यासांत वाढलेले दिसले. ते कारण की परिणाम, यावर अजून एकमत नाही. यावरून मुलगा की मुलगी याचे तर्क मात्र कृपा करून लढवू नका!

बाळाची गोष्ट वेगळी. आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक बाळापेक्षा कितीतरी जास्त असते. वारेतले एक विकर त्याला निष्क्रिय करून बाळाला जपते. प्रीएक्लॅम्प्शियात हा पहारा ढिला पडतो. आधीच रक्तपुरवठा कमी, त्यात कॉर्टिसॉलचा भार. म्हणून बाळ अंगाने लहान राहते. आईने पोटभर खाल्ले नाही म्हणून नव्हे.

खरा उपाय एकच, प्रसूती. तोवर रक्तदाबाच्या गोळ्या, आणि आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या इंजेक्शनाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाला. आधीच्या खेपेला हा त्रास झालेल्या किंवा मुळात रक्तदाब असलेल्या स्त्रियांनी दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. सोळाव्या आठवड्याआधी सुरू केलेली अॅस्पिरिनची छोटी मात्रा त्यांना उपयोगी पडते. ती मनाने घेऊ नये.

सुनेची प्रसूती चौथ्या दिवशी झाली. बाळ सव्वा किलोचे, काचेच्या पेटीत आहे. आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते, म्हणून घरी आल्यावरही तिला रक्तदाब तपासायला बोलावले आहे. आणि हो, सासूबाईंना सांगितले आहे, तिच्या जेवणात मीठ घाला.