हेडर, बेंड पाइप आणि पिकअपच्या गप्पा

रविवारी सकाळी मंचर किंवा नारायणगावच्या बाह्यवळणावर थोडा वेळ थांबलं, तर गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो. माळशेज नाहीतर भीमाशंकरकडे निघालेली ड्यूक, बुलेट, मधूनच एखादी सेडान. सायलेन्सर बदललेला असतो आणि हौस आणखी पुढे गेली असेल तर हेडरही. इंजिनाच्या हेडला बोल्टने जोडलेला, प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या नळीने बाहेर काढून पुढे एकत्र आणणारा नळ्यांचा जुडगा म्हणजे हेडर. कंपनीच्या गाडीत त्या जागी आखूड मॅनिफोल्ड असतो. एका सिलिंडरच्या मोटरसायकलला एकच बेंड पाइप. हे काम घरच्या पडवीत पान्ह्यांच्या पेटीवर होतं, हे खरं. पण त्याभोवती फिरणाऱ्या बऱ्याच गोष्टी खऱ्या नाहीत.

‘आवाज फुटला की पिकअप वाढतो’ हा त्यातला सगळ्यात लाडका समज. ताकद ठरते ती इंजिनात हवा किती गेली आणि पेट्रोल किती नीट जळलं यावर. सायलेन्सरमधला आवाज दाबणारा डीबी किलर काढला की गाडी कानाला जोरात वाटते, घड्याळाला वाटत नाही. बाकी काही न बदलता नुसत्या हेडरने मिळणारी वाढ बहुतेकदा एक आकडी टक्क्यांत असते.

याच्या नेमका उलटा समज मुरलेले मेकॅनिकही सांगतात : ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच, मोकळा पाइप लावला की दम जातो.’ निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकलं आहे. मागचा दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो तो धुराचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धुराचा लोट नळीतून सुटतो आणि त्याच्या मागे दाब पडतो. नळीचा व्यास आणि लांबी जमून आली, तर तो पडलेला दाब सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देतो. नळी नको तेवढी जाड घेतली की लोट मंदावतो, ओढ संपते आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी होते.

नळ्या कशा जोडल्या आहेत यालाही अर्थ असतो. चार सिलिंडरच्या गाडीत ठिणगीचा क्रम साधारणपणे १-३-४-२ असा. ४-२-१ हेडरमध्ये पहिल्याची जोडी चौथ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी लावतात, कारण या जोड्यांच्या स्फोटांमध्ये क्रँकचा पूर्ण एक फेरा, म्हणजे ३६० अंशांचं अंतर असतं आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. ही रचना मधल्या आरपीएमला साथ देते. चारही नळ्या एकदम एकत्र आणणारा ४-१ हेडर वरच्या आरपीएमला. आता घोडेगाव सोडून, डिंभे धरण मागे टाकून भीमाशंकर चढताना आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात मधल्या आरपीएमवरच तर असतो. ट्रॅकसाठी केलेला ४-१ तिथे नेणं म्हणजे पैसे मोजून दम घालवणं.

‘कुठल्याही गाडीला हेडर बसवता येतो’ असं म्हणणाऱ्याने चाकणला बनलेली फोक्सवॅगन व्हर्चुस पाहावी. मंचरपासून तासाभराच्या आत असलेल्या त्या कारखान्यात २००९ पासून गाड्या बनतात. व्हर्चुसच्या टीएसआय इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा नाहीच. तो सिलिंडर हेडच्या ओतकामातच आहे आणि टर्बो थेट हेडला बसतो. काढणार काय?

जिथे तो काढता येतो, तिथे दुसरी मेख. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून बहुधा इंजिनाला चिकटून, मॅनिफोल्डच्या लगेच पुढे असतो, पुष्कळदा त्याच्याशी एकजीव. तेव्हा मॅनिफोल्ड काढला की कॅटही गेला. त्यातलं प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम भंगारवाल्याला बरोबर ठाऊक असतं.

‘ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सगळं आपोआप जुळवून घेतो’ हे अर्धसत्य. हलक्या थ्रॉटलला तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र बहुतेक गाड्यांत आधी भरून ठेवलेल्या नकाशावर भिस्त असते. त्यातून घरी केलेल्या फिटिंगमध्ये पॅकिंग गळत असेल तर गंमतच. धुराच्या दोन लोटांमध्ये दाब पडतो तेव्हा त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, मिश्रणात पेट्रोल कमी आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडतं आणि दोष बिचाऱ्या हेडरवर येतो.

म्हणून सगळं लक्ष जोडावर. इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, भक्कम स्टँड लावायचे. तापून-थंड होऊन गंजलेले नट आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावेत. ताकद लावली तर स्टड हेडमध्येच तुटतो आणि पडवीतलं काम लेथवाल्याकडे जातं. जुनं पॅकिंग पुन्हा वापरायचं नाही. नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळायचे आणि गाडी तापून गार झाल्यावर पुन्हा तपासायचे. नव्या स्टीलवरचे तेलकट बोटांचे ठसे सुरू करण्याआधी पुसा, नाहीतर ते कायमचे भाजले जातात. नंतर नळीवर चढणारा सोनेरी-निळा रंग हा उष्णतेने धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा. तो दिसला म्हणजे माल नकली असं नाही. आणि गाळ्याचं शटर पाडून इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

‘बोल्टने बसवलेला पार्ट आहे, कायद्याचा काय संबंध?’ पूर्ण संबंध. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना आळा घालतं. मूळ बनावटीच्या तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाजासाठी कलम १९० वेगळं. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, तीही कंपनीच्या चाचणीत साडेसात मीटरवर माइक ठेवून मोजलेली. १०० डेसिबल म्हणजे पाव पट जास्त नव्हे. ध्वनीची तीव्रता शंभर पट.

पीयूसी मिळाली म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत उभ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहतात, आवाज नाही.

राहिले फटाके. चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून काढलेला तो आवाज म्हणजे न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत पेटणं. बीएस-६ गाडीवर हे केलं तर कॅटची सिरॅमिक जाळी वितळू शकते. तापलेला कॅट तसाही शेकडो अंशांवर असतो. मार्चमध्ये नाणेघाटाच्या पठारावरच्या वाळल्या गवतात किंवा उसाच्या पाचटावर गाडी उभी करताना हे ध्यानात असू द्या, कंपनीचा पाइप असला तरी.

आणि एवढं सगळं करून हेडर लावलाच, तर काढलेला मॅनिफोल्ड भंगारात घालू नका. विम्याचा सर्व्हेअर अपघातानंतर बोनेट उघडतो, आणि खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करताना आरटीओ गाडी तपासतं. तेव्हा तो कॅटसकट परत बसवावा लागेल, आणि नवा घ्यायला गेलात तर त्याची किंमत हेडरपेक्षा जास्त निघू शकते.