दुसरा डोळा सांभाळून घेतो

काचबिंदूच्या पेशंटची फाइल हातात आली की मी आधी फील्ड टेस्टचे, म्हणजे नजरेच्या आवाक्याच्या तपासणीचे, कागद शोधते. नातेवाइकांना माझं हे वेड ठाऊक झालंय. तपासणी झाली की झेरॉक्स आपणहून घरी येते. एक कागद उजव्या डोळ्याचा, एक डाव्याचा. प्रत्येकावर करड्या ठिपक्यांचा एक नकाशा. नजर चांगली तिथे पांढरट, उणी तिथे काळा. दवाखान्यात हे कागद एकामागून एक पाहिले जातात. मी ते खिडकीच्या काचेवर एकावर एक धरते, मधली फुली मधल्या फुलीवर आणून. मागून उजेड आला की नुसत्या करड्या भागाकडे लक्ष द्यायचं नाही. दोन्ही काळे डाग जिथे एकमेकांवर येतात तेवढंच बघायचं. माणसाला रोजच्या जगण्यात जे दिसत नाही, ते तेवढंच. बाकी सगळ्या ठिकाणी एक डोळा दुसऱ्याला सांभाळून घेत असतो.

थोडी पार्श्वभूमी उरकून घेते. डोळ्याच्या पुढच्या भागात पाणी सतत तयार होतं आणि कडेच्या कोनातून वाहून जातं. निचरा अडला की दाब वाढतो. साधारण १० ते २१ मिमी पारा हा दाब ठीक समजतात, पण तेवढ्यातही काचबिंदू होतो. डोळ्यामागच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. डोळ्यातून बाहेर पडताना ते एका जाळीतून जातात, काचबिंदूत तिथेच चिमटतात आणि मरतात. मेलेला तंतू परत येत नाही. थेंब, लेसर, ऑपरेशन हे सगळं उरलेली नजर राखण्यासाठी. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० मधला अंदाज आहे, आणि चेन्नई परिसरातल्या पाहणीत ज्यांना तो आढळला त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. नागपूरजवळच्या खेड्यांतही २००६ ते २००८ या काळात मोठी पाहणी झाली. तिथल्या लोकांच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सरासरी ५१४ मायक्रॉन, म्हणजे युरोपीय लोकांपेक्षा पातळ निघाला. पातळ पडद्यावर दाब मोजला की आकडा खरा असतो त्याहून कमी येतो, हे आपल्याकडच्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. एका डोळ्याला नाकाच्या बाजूला सुमारे ६० अंशांपर्यंत दिसतं आणि कानाच्या बाजूला ९० अंशांच्याही पुढे. म्हणजे उजव्या डोळ्याला नाकाकडचं जे जे दिसतं, ते सगळं डाव्या डोळ्यालाही दिसत असतं. आणि काचबिंदू बहुतेक वेळा पहिला घाला घालतो तो याच भागावर! नजरेचा जो तुकडा दोघांच्या मालकीचा, तोच आधी जातो, म्हणून कुणाला कळत नाही. उलट शेवटच्या अवस्थेत, मधली नजरही मावळू लागते तेव्हा, कानाच्या बाजूचं एक बेट बऱ्याचदा टिकून राहतं. ते मात्र ज्याचं त्याचं, दुसऱ्या डोळ्याला न दिसणारं. हा क्रम पहिल्यांदा ध्यानात आला तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत कागद काढून बसले होते.

नाकाकडून सुरुवात होण्याचं कारण तंतूंच्या वाटेत आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधल्या बिंदूला वळसा घालून ते वरून आणि खालून कमानीसारखे नसेकडे जातात. वरचे खाली उतरत नाहीत, खालचे वर चढत नाहीत. नसेच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी जाळी जास्त दुबळी, तिथे तंतू मेले की नजरेतही कमानीसारखी खाच पडते, आणि ती नाकाच्या बाजूला आडव्या रेषेवर येऊन कापल्यासारखी थांबते. नसेचं खालचं टोक गेलं तर वरचं दिसेनासं होतं, वरचं टोक गेलं तर खालचं.

ही कमान शोधली कोपनहेगनच्या यान्निक ब्येरुम यांनी, आणि तीही दवाखान्याच्या दारावर. १८८९ मध्ये त्यांनी आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजू पडद्यासारखी वापरली. रुग्णाला दूर बसवायचं, नजर एका खुणेवर लावायला सांगायचं आणि छोटी पांढरी वस्तू दारावरून हळूहळू सरकवायची. कुठे दिसली, कुठे हरवली, याची नोंद. त्याआधीची यंत्रं नजरेची बाहेरची हद्द मोजत. ब्येरुम यांनी मधल्या प्रदेशात लक्ष घातलं आणि तिथे ही कमान सापडली. आडव्या रेषेवर कापल्यासारखी दिसणारी नाकाकडची पायरी १९०९ मध्ये त्यांच्याच देशातल्या ऱ्योने यांनी दाखवली. आज मशीन हेच काम करतं, पण दार आणि पांढरी गोळी यांवर माझा जीव जास्त आहे.

पुण्याच्या एका दवाखान्यात तंत्रज्ञ ताईंच्या परवानगीने मी एकदा फील्डच्या खोलीत बसले होते. खोलीत मिणमिणता उजेड. पांढऱ्या अर्धगोलासमोर आजोबा हनुवटी टेकवून बसलेले, डाव्या डोळ्यावर पट्टी, हातात बटन. समोरच्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूच्या ५४ जागांवर बारीक ठिणग्या चमकणार, दिसली की दाबायचं. एक ठिणगी दिसली की मशीन त्याच जागी पुढची आणखी फिकी दाखवतं, अगदी न दिसेपर्यंत. त्यामुळे निरोगी माणसालाही बऱ्याच ठिणग्या दिसत नाहीत. आजोबा कासावीस झाले. ताई म्हणाल्या, "आजोबा, सगळे दिवे दिसायलाच पाहिजेत असं नाही. दिसला तरच दाबा, घाई नाही." मधूनच मशीन एक ठिणगी मुद्दाम आंधळ्या ठिपक्यात टाकतं. नस जिथून बाहेर पडते तिथे कुणालाच काही दिसत नाही, म्हणून तिथे बटन दाबलं गेलं तर नजर हलली, हे त्याला कळतं. हा ठिपका मधल्या बिंदूपासून सुमारे १५ अंश कानाच्या बाजूला असतो. उजव्याचा उजवीकडे, डाव्याचा डावीकडे. खिडकीवर कागद धरले की ते दोन ठिपके एकमेकांवर कधीच येत नाहीत. म्हणून जन्मभर आपल्याला ते जाणवत नाहीत.

माझ्या मामांचं असंच झालं. साताऱ्याला घराला चुना देताना उजव्या डोळ्यात कण गेला. तो डोळा मिटून चोळत असताना डाव्याने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं, तर तारखा स्वच्छ आणि वरचा महिनाच गायब. चष्म्याचा नंबर दरवर्षी तपासला जायचा, दोन्ही डोळे ६/६. तक्त्यावरची अक्षरं वाचायला मधली नजर पुरते, आणि ती बहुधा उशिरापर्यंत टिकते. फील्डमध्ये डाव्या डोळ्याची वरची कमान जवळजवळ पूर्ण काळी निघाली, उजव्याला खाली छोटीशी खाच. काचेवर धरल्यावर दोन डाग कुठेच जुळेनात. मामांना काही जाणवत नव्हतं, यात नवल नव्हतं.

काचबिंदू बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, पण एकसारखा क्वचितच. एक पुढे, एक मागे. नवे डाग जागोजाग उमटण्यापेक्षा जुनी खाचच खोल होत आणि रुंदावत जाते. मामांच्या उजव्या डोळ्यात मात्र काही वर्षांनी वरही काळं दिसू लागलं आणि पहिल्यांदाच दोन डाग एकमेकांवर आले. त्याच सुमारास गोठ्याच्या बुटक्या चौकटीला त्यांचं डोकं लागू लागलं. ज्यांचे डाग खाली जुळतात, ते पायरी चुकतात, उंबऱ्याला अडखळतात. एका डोळ्याचा रिपोर्ट पाहून यातलं काहीच सांगता येत नाही.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथल्या स्पॉन्सेल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दावा केला की हे एकमेकांना झाकणं योगायोग नाही. दोन डोळ्यांतली हानी एकमेकींच्या फटीत बसेल अशी होते आणि त्यात मेंदूचा हात असावा. हे सगळ्यांना पटलेलं नाही. मामांचे पहिले कागद पाहून मला हा दावा फार मोहात पाडतो, त्यांचे नंतरचे कागद पाहून शंका येते. मेंदू रिकामी जागा भरून काढतो, हे मात्र नक्की. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या क्रॅब यांच्या गटाने २०१३ मध्ये ५० रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे बदललेली छायाचित्रं दाखवून विचारलं की तुम्हाला कसं दिसतं. काळा बोगदा किंवा काळे डाग असलेलं चित्र एकानेही निवडलं नाही. कुणी धूसर म्हणालं, कुणी वस्तूच नाहीशी होते म्हणालं, आणि काहींना आपली नजर गेली आहे याचीच जाणीव नव्हती. काळ्या बोगद्याची ती जाहिरातींतली चित्रं आता बंद व्हावीत, असं मला मनापासून वाटतं. अंधार दिसेल तेव्हा डॉक्टरकडे जाऊ, असं लोक त्यामुळेच धरून चालतात.

दोन्ही डोळे उघडे ठेवून करायची १२० बिंदूंची चाचणी एस्टरमन यांनी १९८२ मध्येच दिली, आणि ब्रिटनमध्ये गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी ती वापरतात. दोन रिपोर्टमधला प्रत्येक जागचा चांगला आकडा घेऊन एकत्र नकाशा करणंही संगणकाला अवघड नाही. आपल्याकडे पेशंटच्या हातात तो तिसरा कागद का देऊ नये? मामींना तो दाखवला असता तर चौकटीला फडकं बांधायचं त्यांना आधीच सुचलं असतं.

हे सगळं हळूहळू, न दुखता वाढणाऱ्या काचबिंदूचं. अचानक दुखून, लाल होऊन, दिव्याभोवती वलयं दिसून येणारा काचबिंदू वेगळा. त्यात तर दुखणारा डोळा शांत झाल्यावर न दुखणाऱ्या डोळ्यालाही लेसरने छोटं छिद्र पाडतात, कारण त्याचीही पाळी येण्याचा धोका मोठा असतो. आणि डोळे खाजतात म्हणून मुलांच्या डोळ्यांत दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन् महिने घालणं बंद करा. त्यानेही दाब चढतो आणि नस मरते.

रक्ताच्या नात्यात काचबिंदू असला की धोका कितीतरी पटींनी वाढतो. मामांचं कळल्यावर मी आईला घेऊन गेले. तिचं फील्ड दोन्ही डोळ्यांत पूर्ण आहे, पण उजव्या नसेतला खळगा डाव्यापेक्षा थोडा मोठा दिसतो, म्हणून डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय, जुने कागद बरोबर आणायला सांगून. मामेभावाने नुकतीच चाळिशी ओलांडली, त्याची तपासणी अजून राहिली आहे. भाऊबीजेला तो येईल तेव्हा दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट मी आधीच घेऊन ठेवली आहे.